तुम्ही विचारलंत म्हणून: कर्जतला गाडीच्या मागे इंजिन का जोडतात?

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, खिडकीतून वडापाव आत येतो आणि तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. लोको पायलट म्हणून माझी बरीच वर्षं या बोरघाटात गेली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही ठरलेला प्रश्न येतो: "काका, पुढचं इंजिन एवढं ताकदवान, मग मागून आणखी दोन-तीन कशाला लावता?"

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. घाटातला चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर वर चढते. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण वीस डब्यांची भरलेली गाडी घ्या. डबा साधारण ५० टनांचा, म्हणजे सगळे मिळून १००० टन. सपाटीवर एवढी गाडी हळूहळू चालती ठेवायला तीन-चार टनांचा जोर पुरतो, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी अडतं. चढ लागला की गाडीचं वजनच तिला मागे ओढू लागतं. १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन. त्यात इंजिनाचं स्वतःचं वजन आणि वळणांवरची घासण मिळवा, आकडा ३४-३५ टनांच्या पुढे जातो.

आता पुढचं इंजिन बघा. डब्ल्यूएपी-७ जातीचं हे विजेचं इंजिन सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं, पण वजन १२३ टन. कोरड्या रुळावर चाकाला पकड मिळते ती या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश. त्याहून जास्त जोर लावला तर गाडी पुढे जात नाही, चाक जागेवरच गरगरतं. पावसात पकड आणखी घटते. जुलैतल्या रात्री, धुक्यात, ठाकूरवाडीच्या वर चाक घसरायला लागलं की आधी आवाज बदलतो. हात आपोआप जोर कमी करतो, रुळावर वाळू सोडली जाते, आणि चाकाने पुन्हा रूळ धरेपर्यंत श्वास अडकलेला असतो. म्हणून नुसती जास्त अश्वशक्ती देऊन घाट चढता येत नाही. रुळावर दाबून बसणारं वजन वाढवावं लागतं. बँकर, म्हणजे मागून जोडलेली ही जादा इंजिनं, ते वजन आणि जोर दोन्ही आणतात.

मग ती पुढेच का जोडत नाहीत? सगळ्यांनी पुढून ओढलं तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो. शिवाय मध्येच कपलिंग तुटलं तर सुटलेले डबे उताराने मागे धावत सुटतील. बँकर मागे असला तर त्यांना धरून ठेवतो. माझ्या मते हे कारण सगळ्यांत मोठं आहे.

आणि पुढचा प्रश्न: तीन-तीन इंजिनं असून गाडी इतकी सावकाश का सुटते? चढाची मागे खेचणारी ओढ फेडून जो जोर उरतो, तेवढाच वेग वाढवायला मिळतो, आणि तोही अख्ख्या वजनात वाटला जातो. इंजिनांसकट १४०० टन धरा आणि १० टन जोर शिल्लक आहे असं समजा. मिनिटभरात वेग होतो ताशी जेमतेम १५ किलोमीटर. हेच वजन निम्मं असतं, तर तेवढ्याच शिल्लक जोराने त्याच मिनिटात ३० झाले असते.

उतारावर हेच २७ टन गाडीला पुढे ढकलतात. म्हणून लोणावळ्याहून खाली येताना मंकी हिलसारख्या ठिकाणी गाडी उगाचच थांबल्यासारखी वाटते. ती उगाच थांबलेली नसते. ब्रेक नीट धरतात ना, हे तिथे तपासलं जातं. एवढं वजन एकदा सुटलं तर ते आवरायला घाटात जागा कुठे आहे? त्यासाठीच वर चढत जाणारे वेगळे रूळ, कॅच सायडिंग, ठेवलेले आहेत.

लोणावळ्याला बँकर सोडतात तेव्हा बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. इंजिनं तशीच मोकळी कर्जतला परत उतरतात, पुढच्या गाडीच्या मागे लागायला.