फास्टिंग २१२ आणि रात्रीची लाईट

पेशंटच्या आधी त्याच्या मुलाचा मेसेज आला. ‘अप्पांची फास्टिंग २१२. इन्सुलिन का लावत नाही?’ सोबत साखर मोजायच्या मीटरचा फोटो. फास्टिंग म्हणजे सकाळची उपाशीपोटी रक्तातली साखर. मुलगा पुण्यात नोकरीला, काळजी खरी, त्यामुळे सूर जरा चढा होता तो सोडून दिला.

तासाभराने अप्पा आले. बरोबर काकू, आणि काकूंच्या पिशवीत शाळेची शंभरपानी वही. जुन्नर तालुक्यात दवाखाना चालवताना अशी वही क्वचितच हाती लागते. बहुतेकजण तीन-चार महिन्यांतून एकदा लॅब गाठतात, तेही आदल्या दोन दिवशी गोड-धोड बंद करून, म्हणजे डॉक्टर रागावायला नकोत! काकूंनी मात्र रोज सकाळी सहाला अप्पांचं बोट टोचून आकडा मांडला होता.

१२१, ११४, १२६, ११८. मग १९४, २०७, १८९, २१२. पान उलटलं तर पुन्हा ११९, १२३.

मधुमेह असलेल्याची उपाशीपोटी साखर साधारण ८० ते १३० मध्ये असावी असं आम्ही धरतो. म्हणजे हा गृहस्थ एक आठवडा आदर्श आणि पुढचा आठवडा थेट इन्सुलिनच्या दारात. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं, त्यामुळे काही न खाताही सकाळचा आकडा चढतो. हे रोजचंच आहे. पण यकृत आठवड्याआड सुट्टी घेत नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ७.४ होती, म्हणजे सरासरी साखर १६५ च्या आसपास. रक्त कमी असलं की ही तपासणी फसवू शकते, पण हिमोग्लोबिनही नीट होतं, त्यामुळे त्या आकड्यावर अविश्वास दाखवायला जागा नव्हती. बोटाला गूळ, उसाचा रस चिकटलेला असला तरी मीटर फसतं, म्हणून तेही विचारलं. काकू म्हणाल्या, साबणाने हात धुतल्याशिवाय सुई लावतच नाही.

“रात्री जेवता किती वाजता?”

“आठला. दीड भाकरी, कालवण. गोळ्या जेवणाआधी.”

“त्यानंतर?”

“काय नाय. सकाळचा चहासुद्धा टोचल्याबिगर देत नाही ही.”

आमचा कंपाउंडर शेतकऱ्याचाच पोरगा. तो मागून वहीतल्या तारखा वाचत होता. म्हणाला, “साहेब, हे आमच्या शेतीच्या लाईटच्या फिडरचं वेळापत्रक आहे. चढ आहे त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती.”

शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठ तास, तीही पाळीपाळीने. रात्रीची पाळी आली की रात्री दहाला मोटर चालू करायची आणि उसात उजाडेपर्यंत दारं धरायची, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवत राहायचं. बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी, काठी. हे सगळं मला माहीत होतं, पण वहीत ते लिहिलेलं नव्हतं. अप्पांना विचारलं तर ते सहज बोलून गेले, “एकच्या सुमाराला हातपाय थरथरत्यात, पोटात खड्डा पडतो, घाम फुटतो. मग थर्मासातला चहा घेतो. नंतर परत एकदा, चारला. बिस्किटाचा पुडा असतोच.”

चहा किती गोड, हे काकूंनी बोटांनीच दाखवलं.

फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पाणी सोडून पोटात काही नाही. चारला बिस्किटं आणि सहाला सुई, याला फास्टिंग म्हणता येत नाही. अप्पांच्या लेखी दिवस उजाडल्यावर सुरू होतो, म्हणून उजाडण्याआधीचा चहा हिशेबातच नव्हता. पण मला काळजी त्या थरथरण्याची होती. जेवणाआधीच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन बाहेर काढायला लावते, आणि माणूस झोपण्याऐवजी चिखलात सरीमागून सरी फिरत असेल तर साखर घसरणारच.

मी सांगितलं, मीटर शेतात न्या, थरथरलं की आधी टोचा, मग लगेच चहा घ्या. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला आकडा आला ६४. ७० च्या खाली म्हणजे साखर कमीच. मायकेल सोमोगी या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडलं होतं की रात्री साखर फार उतरली की शरीर उलट उसळी घेतं आणि सकाळचा आकडा वाढतो. ते आज फारसं धरलं जात नाही, आणि इथे त्याची गरजही नव्हती; चहा-बिस्किटं पुरेशी होती.

मुलाला फोन केला. २१२ वर औषध वाढवायचं नसून रात्रीचं कमी करायचंय, हे त्याला पटेना. मी विचारलं, “विहिरीच्या काठावर रात्री दीडला साखर ६४ असलेला माणूस उभा आहे, त्याला अजून इन्सुलिन देऊ?” तेव्हा तो गप्प झाला.

रात्रीची ग्लिमेपिराइड बंद केली. आधीची मेटफॉर्मिनची गोळी तशीच ठेवली आणि टेनेलिग्लिप्टिन ही दुसरी गोळी जोडली, जी ग्लिमेपिराइडसारखी साखर एकदम खाली पाडत नाही. चहा बिनसाखरेचा, सोबत मूठभर भाजके शेंगदाणे, आणि खिशात ग्लुकोजची पुडी, फक्त थरथरलं तरच. काकूंना सांगितलं, आकड्याशेजारी रात्र की दिवस ते लिहा आणि शेवटचं कधी खाल्लं तेही.

पुढच्या रात्रीच्या पाळीत दीडचा आकडा ११०-१२० च्या घरात राहिला आणि सकाळचा १४० च्या आसपास आला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१. मुलाने अंगठा पाठवला. पण त्याचं सगळं श्रेय मी घेत नाही, कारण मध्येच ऊस तुटून कारखान्याला गेला आणि अप्पा महिनाभर घरी झोपत होते. आता त्या रानात कांदा लावलाय. त्याचं पाणी रात्रीच्या पाळीत आलं की वही घेऊन या म्हणून सांगितलंय.