रुईपाशी घातलेला तास

पहिल्या वर्षाच्या पोरांना निसर्ग-निरीक्षणाला न्यायचं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं जायकवाडीच येतं. नाथसागर, रोहित पक्षी, फोटो. पण रोहित हिवाळ्यातले पाहुणे, भाद्रपदात कुठले यायला? मी बीएस्सीची आमची तुकडी अंबाजोगाईबाहेर बालाघाटाच्या माळावर नेली आणि एका रुईच्या झुडपाभोवती बसवली. चेहरे बघण्यासारखे झाले होते.

"रुईच की ही, सर. शनिवारी मारुतीला घालतेत ती."

"तीच. तासभर हिच्यापाशीच बसायचं. मोबाइल पिशवीत, वही बाहेर. कशाचंही नाव विचारायचं नाही, ते काय करायलंय तेवढं लिहायचं. आणि पान तोडलं तर हात डोळ्यांना लावायचा नाही."

ही शेवटची सूचना मी दोनदा देतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. नावांची बंदी मात्र माझी स्वतःची खोड. नव्या पोराला नाव सांगितलं की तो ते लिहून घेतो आणि पुढच्या झाडाकडं निघतो.

सुरुवातीला कुजबुज आणि जांभया. मग कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा दिसला आणि कापूस पिकवणाऱ्या घरची पोरं जरा सरसावून बसली. मावा म्हणजे फवारणी, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. इथं फवारायला कोणी नव्हतं. मुंग्या माव्याच्या अंगातून येणारा गोड रस पीत होत्या आणि मावा खाणारा ढालकिडा जवळ आला की त्याच्यावर धावून जात होत्या. खालच्या फांदीवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रुईवरचा टोळ निवांत पान कुरतडत होता. एवढा भडक रंग घेऊन हा लपत का नाही, असं एकानं वहीत लिहिलं. उत्तर मी दिलं नाही.

कडेला बसलेली एक मुलगी सकाळपासून गप्पच होती. ती एकदम म्हणाली, "सर, ही अळी पान खाईना. नुसती शीरच कुरतडायलीय."

काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. पानाच्या मधल्या जाड शिरेला ती एकाच जागी चावे घेत होती. चीक थेंबाथेंबानं बाहेर येत होता. थोड्या वेळानं पान त्या जागेपासून पुढं लुळं पडलं, मग अळी पुढं सरकली आणि शेंड्याकडचा भाग खाऊ लागली.

"चीक काढून टाकायलीय," ती मुलगी म्हणाली. "आम्ही कैरी उतरवली की देठ खाली करून ठेवतो, तसं."

हे पुस्तकात आहे आणि मी वर्गात शिकवतोही. पण कोणी न सांगता, स्वतःच्या आमराईवरून ते ओळखलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतरचं सांगायला मला फारसा वेळ लागला नाही. चीक चिकट असतो, अळीचं तोंड त्यात अडकू शकतं, म्हणून ती आधी वाहिनीच तोडते. त्यातली हृदयावर परिणाम करणारी काही विषं तरीही तिच्या पोटात जातात, ती साठवली जातात आणि पुढं तिचं नारिंगी फुलपाखरू झाल्यावर पक्ष्यांना कडू लागतं. दुसऱ्याच एका जातीच्या मादीनं या फुलपाखराचं सोंग घेतलंय. सोंगाडीच्या मागच्या पंखावर एकच काळा ठिपका, खऱ्याच्या पंखावर तीन किंवा चार. टोळाच्या भडक रंगाचं कोडं तेवढ्यात सुटलं. तोही रुईच खाऊन वाढतो, त्याचा रंग म्हणजे पक्ष्यांना इशारा.

परतताना घरचा अभ्यास दिला: घराजवळचं एकच झाड निवडायचं आणि आठवडाभर रोज बघायचं. कोणी बांधावरचा एरंड घेतला, कोणी विहिरीवरचं उंबर. एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडं गाजरगवतच आहे."

मी दुसरं काही सुचवणार होतो. पण मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा १९८४ पासून आपल्या देशात त्या गवतावर सोडलाय, तो पानं खाऊन झाड बोडकं करतो. पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेला पिवळट भुंगेरा दिसला तर काडेपेटीत घालून आण, असं त्याला सांगितलं.