पाचवा सीझन वगळला तर चालेल का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि एकदाच नीट लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की तोंडी उत्तर देताना मी दर वेळी काहीतरी निराळेच बोलून बसते. ‘द अमेरिकन्स’चे, म्हणजे अमेरिकेत सामान्य कुटुंब बनून राहणाऱ्या सोव्हिएत हेर जोडप्याच्या मालिकेचे, चार सीझन बघून झाले, पाचवा फार संथ आहे असे कानावर आले, तर तो वगळून थेट सहावा बघितला तर चालेल का? यापुढे बहुतेकजण हेही जोडतात की तुम्हीच तर तसे लिहिले होते. होय, लिहिले होते. मार्च २०१७मध्ये तो सीझन सुरू झाला तेव्हा पहिले चार भाग बघून मी माझ्या स्तंभात परीक्षण लिहिले, आणि ‘वेळ नसेल तर हा सीझन वगळलात तरी विशेष बिघडणार नाही’ हे वाक्य माझेच आहे. पुढे मी मालिकेच्या शेवटापर्यंतच्या गोष्टी उघडपणे बोलणार आहे. ज्यांना त्या आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावे.

आधी माझी बाजू सांगते, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. मे २०१६मध्ये एफएक्स या अमेरिकी वाहिनीने शेवटचे दोन्ही सीझन एकदमच जाहीर केले होते: पाचवा १३ भागांचा, सहावा १० भागांचा, आणि मग मालिका संपणार. म्हणजे लेखकांच्या हाती २३ भाग होते आणि शेवट केव्हा करायचा आहे हे त्यांना ठाऊक होते. अशा वेळी शेवटाआधीचा सीझन रेंगाळू लागला, की सगळा दारूगोळा शेवटासाठी राखून ठेवला जातो आहे असा संशय येणे साहजिक आहे, आणि तो मला एकटीलाच आला होता असेही नाही. शिवाय त्या वेळी माझ्या डोक्यात एक माप पक्के बसलेले होते. ‘होमलँड’ या दुसऱ्या हेरमालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या अखेरीस, डिसेंबर २०१३मध्ये, ब्रॉडीला तेहरानमध्ये जाहीर फाशी दिली गेली, ज्याच्या भोवती मालिका फिरत होती तो माणूसच गेला. तरी पुढच्याच वर्षी लेखकांनी नायिका कॅरीला इस्लामाबादला नेले, नवे शहर, नवे शत्रू, नवी लढाई उभी केली आणि मालिकेला दुसरा जन्म दिला. त्या चौथ्या सीझनबद्दल मी भरभरून लिहिले होते आणि त्यातल्या एका शब्दाचाही मला आज पश्चात्ताप नाही. चूक पुढे झाली. हेरमालिकेचा उत्तरार्ध असाच असायला हवा, असे धरून मी तेच माप ‘द अमेरिकन्स’ला लावले.

आणि त्या मालिकेने माझ्यासमोर काय ठेवले? एक खड्डा. पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागाच्या अखेरीस फिलिप आणि एलिझाबेथ हे हेर जोडपे आणि त्यांचे काही साथीदार रात्रीच्या अंधारात विल्यम या आपल्याच हेराचे प्रेत उकरून काढतात, कारण ज्या विषाणूने तो मेला त्याचा नमुना मॉस्कोला हवा असतो. दहा मिनिटांच्या आसपास हे चालते आणि त्यात बोलणे जवळजवळ नाही. फावडे मातीत रुततानाचा आवाज, माती बाजूला पडतानाचा आवाज, दमलेल्या माणसांचे श्वास. माणसे आधी गुडघ्यापर्यंत आत जातात, मग कमरेपर्यंत, मग पार आत. काम संपते न संपते तोच हान्स या तरुण साथीदाराच्या हाताला जखम होते, आता तो दूषित झाला असणार हे सगळ्यांना उमगते, आणि एलिझाबेथ, जिने त्याला स्वतः तयार केले होते, त्याला धीर देता देता गोळी घालते. मी लिहिले होते की मालिका आता स्वतःसाठीच खड्डा खणते आहे. ते वाक्य सुचल्याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता, आणि बाकीचे परीक्षण मी त्या वाक्याच्या आधाराने उभे केले, हे आज कबूल करायला हवे.

आता ताईबद्दल सांगते, कारण तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझे उत्तर का बदलले हे कुणाला कळणार नाही.

पहिले चार सीझन मी आणि माझी थोरली बहीण एकत्र बघत आलो होतो. २०१७मध्ये तिच्या मागे इतकी कामे होती की पाचवा तिचा राहूनच गेला. २०१८मध्ये सहावा संपला, सगळीकडे शेवटाचे कौतुक सुरू झाले, आणि तिला दोन दिवसांची सवड मिळाली तेव्हा तिने मला विचारले, “अगं, पाचवा राहिलाय माझा. तो आधी बघू का?” मी म्हणाले, “काही गरज नाही, मी तुला लिहून देते.” आणि मी खरोखरच एका कागदावर सात ओळी लिहून दिल्या. त्या मला अजून जशाच्या तशा आठवतात, कारण पुढे मी तो कागद कितीदा तरी वाचला. अमेरिका सोव्हिएत गव्हावर कीड सोडणार असा संशय येतो, तो खोटा ठरतो. फिलिपचा मुलगा मिशा अमेरिकेपर्यंत येतो, भेट न होताच परत जातो. गेब्रिएल मायदेशी जातो. पेजचे शिक्षण चालू राहते. एका म्हातारीला मारतात. दोघांचे परत जायचे ठरते, पण एका टेपमुळे राहावे लागते. फिलिप काम सोडतो. यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. एकही महत्त्वाची घटना सुटलेली नव्हती. मला माझ्या नेमकेपणाचे समाधानच वाटले होते.

तो कागद शेजारी ठेवून ताईने सहावा सीझन बघितला. शेवटचे दोन भाग बघायला मी तिच्याजवळ जाऊन बसले, कारण गॅरेजचा प्रसंग बघताना तिचा चेहरा मला बघायचा होता. तुमच्यापैकी ज्यांनी तो बघितला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. फिलिप-एलिझाबेथची मुलगी पेज राहते त्या इमारतीखालच्या वाहनतळावर त्यांचा शेजारी, एफबीआयचा स्टॅन, त्या तिघांना गाठतो. हातात पिस्तूल. इतकी वर्षे समोरच्या घरात राहिलेला मित्रच आपण शोधत होतो तो हेर आहे, हे तो त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. सुरुवातीला फिलिप काही वेळ खोटे बोलून बघतो, आणि मग त्याचे खोटे संपते. हे सगळे आपण करत राहिलो ते देशासाठी करावेच लागते असे वाटत होते म्हणून, आणि ते कशासाठी चालले आहे हेच कळेनासे झाले होते, अशा अर्थाचे तो बोलतो. फिलिपची भूमिका करणारा मॅथ्यू ऱ्हिस तिथे आवाज चढवत नाही, रडतही नाही. वर्षानुवर्षे डोक्यावर वाहिलेले ओझे खाली ठेवल्यावरही मान सरळ होऊ नये तसा तो उभा राहतो. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार त्याला मिळाला. मी तो प्रसंग तेव्हा दुसऱ्यांदा बघत होते आणि माझा घसा दाटून आला होता.

ताईने मालिका थांबवली. मला वाटले, तिलाही सहन होत नसेल. तिने कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि अगदी मनापासून विचारले, “हा एवढा थकलाय कशानं गं? तीन वर्षं तर ट्रॅव्हल एजन्सीच चालवतोय ना?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो गव्हाचा प्रकार, मी म्हणाले. म्हणजे त्यांनी त्या प्रयोगशाळेतल्या माणसाला मारले, आणि मग कळले की तिथे कीड सोडण्याचे काम चालूच नव्हते, उलट किडीला दाद न देणारा, लोकांची पोटे भरणारा गहू तयार होत होता. “हे तू लिहिलंयस,” ताई म्हणाली. “संशय खोटा ठरतो.” खरेच, लिहिले होते. मग मी म्हातारीबद्दल सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण मी जे सांगत होते ते ती ऐकत होती, समजून घेत होती, आणि तिला काहीही होत नव्हते. आम्ही उरलेला भाग बघितला. स्टॅन बाजूला होतो, गाडी निघून जाते, पुढे रेल्वेच्या फलाटावर पेज एकटीच उरते. ताईला ते सगळे चांगले वाटले. “चांगलं केलंय,” असे ती म्हणाली आणि उठली. चार सीझन जिने माझ्याहून जास्त जीव लावून बघितले होते, तिच्यासाठी शेवट ‘चांगला’ झाला होता, आणि त्याला कारण माझा कागद होता.

त्यानंतर मी पाचवा सीझन पुन्हा बघितला, या वेळी १३ही भाग, सलग. ज्या ओळीत मी ‘एका म्हातारीला मारतात’ असे लिहिले होते तो अकरावा भाग आहे. नाझींच्या बाजूने आपल्याच माणसांवर गोळ्या झाडलेली एक बाई नाव बदलून अमेरिकेत संसार करते आहे, असा मॉस्कोचा दावा असतो. ती आधी नाकारते. मग नवऱ्यादेखत सांगते की तेव्हा ती कोवळी मुलगी होती, तिच्या घरच्यांना मारून टाकले होते, आणि तिच्या हाती बंदूक दिली गेली होती. नवऱ्याला यातले काहीच माहीत नसते. फिलिपचा हात उचलत नाही. एलिझाबेथ दोघांनाही गोळ्या घालते, आणि गाडीत बसल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तीच म्हणते की आता घरी परत जाऊ. हा प्रसंग काही मिनिटांचाच आहे. पण आधीचे दहा भाग त्या दोघांनी त्याच विमानप्रवासात, त्याच उसन्या नावांत, नको असलेल्या माणसांसोबतच्या त्याच जेवणांत घालवलेले नसते, तर तिचे ते वाक्य एका घटनेनंतरचे वाक्य झाले असते. इथे ते सगळ्या दिवसांच्या शेवटी येते. मालिकेचा जनक जो वाइसबर्ग स्वतः काही वर्षे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत होता. या कामात वाट बघण्यातच आयुष्य किती सरते याची कल्पना त्याला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त असणार.

आधीच्या सीझनना ‘हे पकडले जातील का’ हा प्रश्न पुढे ढकलत होता. पाचव्यात तो प्रश्न मंदावतो आणि दुसरा वर येतो: एवढे करून हाती काय आले? मिशा किती देश ओलांडून बापाला भेटायला येतो, आणि ठरलेल्या जागी गेब्रिएल, म्हणजे फिलिप-एलिझाबेथला मॉस्कोची कामे सोपवणारा माणूस, त्याला समजावून परत पाठवतो. फिलिपला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याला मात्र माहीत असते. त्यानंतर फिलिप पडद्यावर केव्हाही आला की आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असते, आणि ते ओझे आपणच वाहत असतो. माझ्या सात ओळींत मिशा होता, पण ते ओझे नव्हते, आणि ते कागदावर लिहून देता येईल असे मला वाटत नाही.

मी पूर्ण शरण गेले आहे असे मात्र समजू नका. ओलेग हा सोव्हिएत अधिकारी मॉस्कोत अन्नपुरवठ्यातल्या भ्रष्टाचाराचा तपास करतो तो धागा मला आजही सैल वाटतो. गव्हाच्या कथेशी त्याचे नाते दिसते, पण दर भागात थोडे थोडे पुढे सरकणारे ते प्रसंग कात्री लावण्यासारखे होते. तूआन हा त्या दोघांचा तरुण साथीदार आणि ते ज्यांच्यावर नजर ठेवतात ते मोरोझोव्ह कुटुंब, यांच्या भेटीगाठी एकदोनदा कमी झाल्या असत्या तरी शेवटच्या भागातली, मोरोझोव्हांच्या घरातल्या पाशाने नस कापण्याची घटना तितकीच हादरवून गेली असती. २०१७मधली मी यावर म्हणेल, “म्हणजे माझेच खरे होते की.” तिला माझे उत्तर एवढेच, की सीझन लांबला आहे असे म्हणणे वेगळे आणि वगळा असे सांगणे वेगळे, आणि ४ भाग बघून १३ भागांबद्दल दुसरे सांगण्याचा तुला अधिकार नव्हता. त्यावर ती विचारेल, मग साप्ताहिक स्तंभ लिहिणाऱ्याने करायचे काय, सीझन संपेपर्यंत गप्प बसायचे? याला माझ्यापाशी उत्तर नाही. मी आजही काही मालिकांबद्दल सुरुवातीचे भाग बघूनच लिहिते.

वर्षभराने ताईने आपणहून पाचवा सीझन बघितला. मला सांगितलेही नव्हते. एका रात्री तिचा फोन आला. “तू पाचव्या ओळीत काय लिहिलं होतंस आठवतंय का?” मी म्हणाले, आठवतंय. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली की सीझन तिला लांबलेलाच वाटला, निदान दोन भाग तरी जास्तीचे आहेत. गॅरेजचा प्रसंग तिने त्यानंतर पुन्हा लावून बघितला होता. आता फिलिप का थकला आहे ते तिला कळत होते. “पण स्टॅन त्यांना सोडणार हे मला माहीत होतं ना,” ती म्हणाली. “भीतीच वाटली नाही गं.”

तेव्हा चालेल का, या तुमच्या प्रश्नाला मी आता हो म्हणत नाही, आणि काय घडते ते थोडक्यात लिहून द्या अशी विनंती कुणी केली तर तीही नाकारते. काहीजण यावर रागावले आहेत, त्यांची मी माफी मागते. पहिल्या भागातला तो खड्डा मात्र पुढे न सरकवता पूर्ण बघा. त्यानंतरही सीझन वगळावासा वाटला तर मला जरूर कळवा, कारण तसे वाटणारे सगळेच चुकतात असे मी अजूनही म्हणू शकत नाही.