ओट्याची उंची

"आंटीजी, आप बैठिए ना, भाभीजी को देख लेने दीजिए." एवढंच म्हणाला तो दुकानदार. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. वाकडं काही बोलला नाही. मग साडेअकरा वाजून गेले तरी मी तेच का चघळत बसलेय?

बसलेही होते मी. गुडघे दुखतच होते. समोर सूनबाईपुढे पांढऱ्या क्वार्ट्झचे नमुने एकेक करून मांडले जात होते, हे दाराशी फोनवर. ओट्याशी जन्म गेला माझा, आणि ओटा निवडायच्या वेळी माझ्याकडे काम काय, तर तिची पर्स सांभाळायची!

आमचा ओटा कोटा स्टोनचा. गॅसच्या डाव्या बाजूला, जिथे रोज पोह्यांवर लिंबू पिळते, तिथली चकाकी पार गेलीय. बोट फिरवलं की खरखर लागते. कोटा म्हणजे शेवटी चुनखडीच, आंबट सांडलं की खाल्ला जातो. संगमरवराचंही तेच. सासूबाई लिंबू कायम परातीत धरून पिळायच्या. त्यांचं बोलणं तेव्हा... जाऊ दे. सांगायचं हे, की यातलं मला कळतं. पण विचारलं कोणी?

रात्री जेवताना विषय मीच काढला. म्हटलं, या क्वार्ट्झमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा, बाकी राळ. तापलेली कढई थेट टेकवली की डाग पडून बसेल, आणि मला तर तीच सवय. शिवाय कापताना उडणारी धूळ कारागिराच्या छातीत जाते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून हे ओटे बसवायलाच बंदी केली. तिकडे कशाला जायचं, गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत आपल्या मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर-झाबुआचे लोक कामाला जायचे, सिलिकोसिसने, म्हणजे त्याच धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २३८ कुटुंबांना तीन-तीन लाख द्यायला लावले. इथे मजूर चौकात सकाळी उभी असतात ती त्याच भागातली माणसं.

सगळे गप्प. मग चिरंजीव म्हणाले, "आई, तुला हे सगळं कुठून कळलं?"

घ्या! म्हणजे पेपर मी फक्त कपाटात अंथरायलाच घेते.

यातलं एक अक्षर खोटं नाही. ग्रॅनाइट कापतानाही धूळ उडतेच, ते मी सोयीने गाळलं, पण त्यात गारगोटी पुष्कळ कमी असते. तरी एक गोष्ट टोचतेय. ती माणसं मला दुकानात शिरताना आठवली नव्हती. खुर्चीवर बसवल्यावर आठवली.

सूनबाई वाद घालेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग ग्रॅनाइट घेऊ. फक्त काळा नको, बोअरिंगचं पाणी वाळलं की पांढरे डाग दिसतात." बरोबर आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी भांडी बोअरिंगवरच. हे मला सुचायला हवं होतं, सुचलं तिला. त्याचाही जरा रागच आला.

मग ती कणीक मळायला उभी राहिली, सकाळच्या डब्यांसाठी. ओटा तीस इंचांचा, सासूबाईंच्या मापाने केलेला, माझ्या मापाला आपोआप बसला. ही चांगली उंच. दोन्ही पाय फाकवून, कंबरेतून वाकून मळत होती. मध्येच थांबून मुठीने पाठ दाबली आणि पुन्हा मळायला लागली. लग्न होऊन आल्यापासून अशीच मळत असणार. मी रोज तिथेच तर असते, डाळ निवडत. तिला बसा म्हणणारं कोणी भेटलं नाही.

हसूच आलं मला. सकाळपासून एका खुर्चीचा केवढा शोक!

तेव्हा ठरलं: करड्या बुट्ट्यांचा ग्रॅनाइट, उंची ३४ इंच. ३४ मीच म्हणाले, आणि ती जरा दचकलीच. पैशांचं काय ते हे आणि चिरंजीव बघतील, तो वेगळाच तमाशा आहे, आज नको. पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्यायची, म्हणजे सांडलेलं पाणी तिथेच ठिबकतं, आत कपाटाच्या फळीवर जात नाही. हे मात्र कारागिराला मी स्वतः सांगणार. दुकानात तासभर चमक आणि रंग चालला होता, खाच कोणाला सुचली नव्हती.

आणि ३४ इंचांवर माझ्याच्याने पोळ्या लाटल्या जाणार नाहीत, हे घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. येईल.