बत्तीस सेकंदांचे फोन आणि एका आकड्यासाठी सतरा दिवस

ऑफिसातले फोन आणि कॉम्प्युटर यांचं नेटवर्क वेगळं करायचं मनात असेल, तर स्विच (सगळ्या केबली जोडायचा डबा) विकत घेण्याआधी इंटरनेट कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या : कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच केबलमधून जाणाऱ्या वेगळ्या नेटवर्कचा, नंबर. मी आधी स्विच घेतला. त्या घाईचं फळ म्हणजे हा लेख.

आमचं ऑफिस पुण्यात टिळक रोडला, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काम टॅक्सचं. माणसं चौदा, टेबलावरचे, नेटवरून चालणारे फोन अकरा, आणि जुलै लागला की ते अकराही एकदम वाजतात, कारण ३१ तारीख लोकांना विशीनंतरच आठवते. मी तिथे हिशेब बघते. पण ‘नेट गेलं’ ही हाक पहिल्यापासून माझ्याच टेबलाशी येते, आणि आता तर लोक हाक मारायच्याही फंदात पडत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात.

दुखणं जुनंच होतं. कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की फोनवरचा आवाज तुटायचा. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की पलीकडचा माणूस पॅन नंबर सांगतोय की विहिरीतून हाक मारतोय ते कळायचं नाही. मी पहिला उपाय केला तो सगळेच करतात : जास्त स्पीडचा प्लॅन. पैसे गेले, आवाज तसाच.

मग आमच्या नेटवर्कवाल्याने हिशेब मांडून दाखवला. एका फोनकॉलला नेटवर्कवर जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. अकराही फोन चालू असले तरी एक एमबीपीएसच्या (म्हणजे हजार केबीपीएसच्या) आत. म्हणजे जागा कमी पडतच नव्हती, वेळ चुकत होती. आवाजाची सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, निघतात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचं बोलणं. पीडीएफचं पाकीट हरवलं तर कॉम्प्युटर पुन्हा मागवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. आवाजाचं पाकीट उशिरा आलं तर ते घेऊन करायचं काय? तो शब्द तर कधीच होऊन गेलेला. बॅकअपची हजारो पाकिटं रांगेत उभी असताना ही चिमुकली पाकिटं त्यांच्या मागे अडकायची.

उपाय असा की एकाच केबलमधून दोन वेगळी नेटवर्क न्यायची. भिंतीतून केबल फोनमध्ये, फोनच्या मागच्या भोकातून कॉम्प्युटरला, ही जोडणी तशीच राहते. फक्त फोनच्या पाकिटावर चार बाइटचा एक शिक्का बसतो, त्यात व्हीलॅनचा नंबर असतो. आम्ही कॉम्प्युटरना १० दिला, फोनना २०. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग करता येणारा, स्विच लागतो. आम्ही २४ पोर्टचा पीओई (केबलमधूनच वीज देणारा) घेतला, म्हणजे फोनचे अडॅप्टरही टेबलाखालून गेले. केबल, कनेक्टर वगैरे किरकोळ सामान मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलं. कनेक्टर मोजून आणू नका, क्रिम्पिंगमध्ये (केबलच्या टोकाला दाबून बसवताना) चार-पाच वाया जातातच.

जूनच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सुरुवात केली आणि रात्री नऊपर्यंत सगळं उभं राहिलं. नव्या फोनना स्विचच सांगतो की ‘बाबा रे, तुझा नंबर २०’. एलएलडीपी-मेड नावाची सोय आहे त्यासाठी. दोन जुने फोन या बाबतीत ठार बहिरे निघाले, त्यांना मेनूत शिरून हाताने नंबर घातला. एकमेकांत फोन लागत होते, आवाज खणखणीत. रविवारी मी निवांत झोपले.

सोमवारी सकाळी दहा वाजता पहिला फोन आला आणि मध्येच कट झाला. दुसराही. तिसऱ्या वेळी मी घड्याळ बघितलं. बत्तीस सेकंद. चौथा, बत्तीस. आम्ही बाहेर केलेला फोन तासभर चालायचा, बाहेरून आलेला बरोबर बत्तीस सेकंदांत मरायचा. गिऱ्हाइकांना वाटलं, आम्ही रागावून ठेवून देतोय.

कारण नेटवर्कवाल्याने त्याच दिवशी काढलं, त्याचं श्रेय त्याला. आलेला फोन आपण उचलला की आपलं एक्स्चेंज (ऑफिसातले फोन बाहेर जोडणारी यंत्रणा) पलीकडे ‘उचलला’ असा निरोप धाडतं आणि पोच यायची वाट बघतं. निरोप पुन्हा पुन्हा पाठवूनही पोच आली नाही, तर बत्तिसाव्या सेकंदाला नाद सोडतं. हा आकडा आमच्या एक्स्चेंजची लहर नाही, एसआयपीच्या, म्हणजे नेटवरच्या फोनांच्या बोलीच्या, नियमातच आहे : अर्ध्या सेकंदाचा एक ठोका, असे ६४ ठोके. आमची पोच हरवत होती ती इंटरनेट कंपनीच्या मोडेममध्ये. त्यात एसआयपी एएलजी नावाची एक मदतनीस सोय चालू होती. ती जाणाऱ्या निरोपातला पत्ता ‘दुरुस्त’ करते. आधी तो एकच डबा होता तेव्हा तिची लुडबुड खपून जायची. आता दोन नेटवर्कांसाठी आमचा स्वतःचा राउटर मध्ये आला, आणि दोन-दोन ठिकाणी पत्ते बदलल्यावर पलीकडचा पोच पाठवणार कुठे? शेजाऱ्याने आपल्या पत्रावरचा पत्ता प्रेमाने सुधारून द्यावा, तसली ती मदत.

म्हणजे एएलजी बंद करायचं किंवा मोडेम ब्रिज मोडवर (म्हणजे तो नुसता मधला पूल) टाकून लॉगिन आमच्या राउटरमधून करायचं. दोन्ही गोष्टी दोन मिनिटांच्या. मोडेमचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र कंपनीकडे.

इथून सतरा दिवस.

पहिल्या फोनला उत्तर आलं, ‘मॅम, आपल्या एरियात कुठलाही इश्यू दिसत नाहीये.’ मी म्हटलं, एरियाचं नाही, माझ्या मोडेममधली एक खूण काढायची आहे. ‘मॅम, मोडेम एकदा बंद करून चालू करता का?’ केला. ‘आता स्पीड किती येतोय?’ मी स्पीडबद्दल बोलतच नव्हते. पण त्यांच्या समोरच्या पडद्यावर बहुतेक दोनच कप्पे असावेत : नेट बंद, किंवा नेट हळू. माझं नेट चालू होतं आणि जोरात होतं. अशा सुखी माणसाची तक्रार त्यांनी घालायची कुठे? शेवटी ‘नेट हळू’मध्ये घातली.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. फायबर काढून मीटरला लावली, म्हणाला, ‘लाइट मस्त येतीये, उणे एकोणीस.’ मी म्हटलं, अभिनंदन. एएलजी? त्याने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी आलाय बघा, तेवढा द्या.’ मी दिला. तो तक्रार बंद करायचा ओटीपी होता! संध्याकाळी मेसेज : आपली समस्या सोडवली आहे, पाचपैकी किती तारे द्याल?

काम होईपर्यंत ओटीपी देऊ नका. समोरचा मुलगा कितीही गरीब चेहऱ्याचा असो.

दुसरी तक्रार मी मेलवर केली, मुद्दे घालून. ती ‘बॅक-एंड टीम’कडे गेली. ही टीम कुणी पाहिलेली नाही. तिला फोन नाही, मेल नाही. ती अठ्ठेचाळीस तासांत संपर्क करते, आणि ते अठ्ठेचाळीस तास दर वेळी नव्याने मोजायला लागतात. आठव्या दिवशी टीमने खरंच काहीतरी केलं : दुपारी तीन वाजता मोडेम ब्रिज मोडवर टाकला. युजरनेम-पासवर्ड मेलवर आला. मी टाळ्या वाजवायची बाकी होते. राउटरमध्ये भरलं, लॉगिन होईना.

का, तर या कंपनीचं इंटरनेट फायबरवरून येतानाच त्यांच्या स्वतःच्या व्हीलॅनमध्ये येतं. आधी तो नंबर मोडेमला ठाऊक होता. आता तो राउटरला सांगायला हवा, आणि मेलमध्ये तो नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप मांडला, तीच माझ्या वाटेत आडवी पडली होती. आमचे १० आणि २० आम्ही एका दुपारी ठरवले. त्यांचा एक नंबर सांगायला त्यांना आणखी नऊ दिवस लागले.

नेटवर्कवाला म्हणाला, ‘मॅडम, १ ते ४०९४ च्या मधलाच असणार, बारा बिटांत त्याहून जास्त बसतच नाही.’ मी हिशेब केला : रोज शंभर नंबर तपासले तरी एक्केचाळीस दिवस. ३१ जुलै त्याआधी.

ऑफिस बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी भांडून मोडेम पूर्ववत करून घेतला. म्हणजे परत बत्तीस सेकंद. सर म्हणाले, ‘जुनं होतं तसं करून टाका ना, आवाज तुटला तर तुटला.’ ते चुकीचं बोलत नव्हते. पण मी हट्टाला पेटले होते. फोन उचलला की नाव विचारायचं आणि ‘आम्हीच लावतो’ म्हणून ठेवायचं, असा नियम केला. नाव-गाव घ्यायला बत्तीस सेकंद पुरतात, समोरचा पुण्याचा असेल तर पंचवीसच.

पुढच्या फोनांचं सविस्तर सांगत नाही. एकाने व्हीलॅन हा शब्द ‘विमान’ असा ऐकला. एकीने सांगितलं की तो नंबर ‘सिक्युरिटी रीझन’मुळे देता येत नाही. ज्या नंबरावर कंपनीचंच नेट चालतं, तो गिऱ्हाइकाने ऐकल्याने कोणती सुरक्षा धोक्यात येते, देव जाणे.

सतराव्या दिवशी, बुधवारी, मी अर्धी रजा टाकून कंपनीच्या स्थानिक ऑफिसात जाऊन बसले. फोनवर सांगतात, असं ऑफिसच नाही. असतं, पावतीवर बारीक अक्षरात पत्ता असतो. तासाभराने आतून एक मुलगा आला, माझा कागद वाचला, म्हणाला, ‘एवढंच?’ खुर्ची ओढली, एक पान उघडलं आणि तीन आकडी नंबर वाचून दाखवला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी त्याला विचारलं, हा फोनवर का सांगत नाहीत? तो म्हणाला, ‘फोनवाल्यांना हे पान दिसत नाही.’ मला हसावं की रडावं कळेना. तिथेच मोडेम पुन्हा ब्रिजवर टाकून घेतला.

ऑफिसात आल्यावर नंबर घातला, लॉगिन झालं. आमच्या राउटरमध्येही एएलजी होतंच, तेही बंद केलं. एक्स्चेंजमध्ये आमचा बाहेरचा स्थिर आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) लिहिला. सव्वाचारला नवी पेठेतल्या एका आजोबांचा फोन आला, दर वर्षी बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावरून आमच्याशी वाद घालतात ते. मी घड्याळ समोर ठेवलं. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. आजोबा बोलतच होते. एकवीस मिनिटं बोलले. इतक्या मन लावून मी त्यांचं आजवर कधीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. महावितरणच्या देखभालीत आमच्या भागाची पाळी होती. दुपारी यूपीएसने मान टाकली आणि लाइट परत आल्यावर सगळे फोन मुके. स्विचमध्ये केलेले बदल आम्ही सेव्हच केले नव्हते. इतके दिवस यूपीएसच्या जिवावर चाललं होतं. सगळं पुन्हा भरलं. या वेळी चाळीस मिनिटांत, कारण कोणत्या पोर्टवर काय आहे त्याचे फोटो मी काढून ठेवले होते. बदल झाला की सेव्ह करा, आणि वीज मुद्दाम काढून एकदा बघा.

आणखी एक, हे खरं तर वर यायला हवं होतं : नुसतं वेगळं नेटवर्क करून आवाज सुधारत नाही. बाहेर जाणारी लाइन एकच आहे, रांग तिथेही लागते. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या स्पीडच्या साधारण नव्वद टक्क्यांवर बांधा आणि फोनच्या पाकिटांना पहिला मान द्या. ४६ नंबरची खूण बहुतेक फोन पाकिटावर आपणहून लावतात. हे केल्यावरच आमचा संध्याकाळचा बॅकअप आणि फोन एकत्र नांदायला लागले. राउटरने स्वतः लॉगिन केलं की पाकिटाचा कमाल आकार १५०० वरून १४९२ वर येतो, तोही तपासा. आमची एक बँकेची साइट दोन दिवस अर्धवट उघडत होती ती यानेच. रिसेप्शनच्या टेबलाखाली कुणीतरी कधीकाळी लावलेला पाच पोर्टचा साधा स्विच असेल, तर तो आधी उपटा. तो असतोच.

तो तीन आकडी नंबर मी रॅकच्या दाराला आतून चिकटपट्टीवर लिहून लावला आहे. पासवर्ड तिथे लिहिलेला नाही. तो सरांच्या तिजोरीत, सोसायटीच्या पाण्याच्या पावत्यांखाली आहे.