दाढेला जिना कळत नाही

रात्री कॅज्युअल्टीत ईसीजी काढायला मी एकटीच असते. चौदा वर्षं झाली. हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा बल्ब, हलू नका, बोलू नका, कागद फाडायचा आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा. निदान करणं माझं काम नाही. पण ईसीजीच्या इतक्या पट्ट्या डोळ्यांखालून गेल्या की डोळा आपोआप काही गोष्टींवर अडतो.

त्या रात्री दोनच्या सुमाराला एक काका आले, साठीच्या आसपासचे. छातीत दुखतंय म्हणून. सोबत काकू. काका बऱ्यापैकी घाबरलेले, पण दुखण्याची जागा मात्र एका बोटाने दाखवत होते. "इथे. बरोबर इथे टोचतंय." दीर्घ श्वास घेतला की जास्त, दाबलं की जास्त. असं बोटभर जागेत टोचणारं दुखणं बहुतेक वेळा स्नायूचं किंवा बरगडीचं निघतं. बहुतेक वेळा, म्हणूनच त्यावर कुणी विसंबत नाही. छातीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची पट्टी दहा मिनिटांच्या आत निघाली पाहिजे, असा नियम आहे. काकांची सहा मिनिटांत निघाली. कागदावर वेळ छापली होती २:१४. पट्टी साफ. तरी ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, रक्त घेतलं आणि काही तासांनी पुन्हा घ्यायला सांगितलं, कारण सुरुवातीच्या वेळात पट्टी आणि रक्त दोन्ही नॉर्मल येऊनही झटका असू शकतो.

काकू बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. डोक्यावर पंखा चालू, तरी कपाळ ओलं. ओठांचा रंग उतरलेला. मी बल्ब पुसता पुसता विचारलं, "काकू, तुम्हाला काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही गं. छातीत काही नाही. यांच्या काळजीने जीव घाबरा झालाय, एवढंच."

मला पटलं. नवऱ्याला रात्री दोन वाजता घेऊन आलेल्या बाईला घाम फुटणारच. मी पुढच्या पेशंटकडे गेले. प्रश्न चुकीचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडे 'दुखणं' या शब्दाचा आवाका मोठा वाटतो, पण पेशंट तो फार काटेकोरपणे वापरतो. काप गेला, ठणका लागला, कळ आली म्हणजे दुखणं. छातीवर कुणी पाय दिल्यासारखं झालं, आवळल्यासारखं झालं, भरून आलं, जड झालं, तर तो म्हणणार "दुखत नाही हो, कसंतरी होतंय." आणि तो खरंच सांगत असतो. या दुखण्याला १७६८ साली विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरने अंजायना हे नाव दिलं. त्या शब्दाच्या मुळाशी गळा आवळणं हाच अर्थ आहे. चालताना, विशेषतः चढावर येतं आणि थांबलं की जातं, हेही त्याने लिहून ठेवलं होतं. त्याच्याकडे पट्टी नव्हती, यंत्र नव्हतं. त्याने पेशंटचं बोलणं ऐकलं होतं.

मी परत आले तेव्हा काकू उठून बेसिन शोधत होत्या. मळमळत होतं. एक तळवा गळ्याच्या खाली सपाट ठेवलेला, दुसऱ्या हाताने जबडा धरलेला.

"दात दुखतोय का?"

"दाढ. चार दिवस झाले. किडलीय म्हणाले दातांचे डॉक्टर. पण गंमत बघ, बसले की थांबते आणि जिना चढायला लागले की ठणकते."

किडलेली दाढ गार पाण्याने ठणकेल, चावताना ठणकेल, रात्री आडवं झाल्यावर ठणकेल. पण तिला जिना कळत नाही. जिना हृदयाला कळतो.

"डायबेटिस आहे?"

"बारा वर्षं."

मी त्यांना काकांच्या शेजारच्या कॉटवर आडवं केलं. केसपेपर नाही, नोंद नाही, डॉक्टरांचा शब्दही नाही. घाईत मशीनमधलं नावही बदललं नाही. कागद बाहेर आला तो काकांच्या नावाने, काकांच्या वयाने, वेळ २:३३. लीड २, लीड ३ आणि एव्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या रेषांमध्ये, एसटी नावाचा भाग उचललेला, लीड १ आणि एव्हीएलमध्ये खाली गेलेला. झटक्याची खूण. ठोके मिनिटाला फक्त ४४.

मॅडमनी नाव वाचलं आणि काकांकडे धावल्या. "पंधरा-वीस मिनिटांत एवढं बदललं?" काकांचं ब्लडप्रेशर बघायला घेतलं. मी ओरडले, "मॅडम, हे यांचं नाही, काकूंचं आहे!" दोन-तीन सेकंदच गेले असतील. पण झटक्याची पट्टी चुकीच्या नावाने हातात देणं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मग सगळं भराभर झालं. ॲस्पिरिन चावून खायला दिली. मॅडम म्हणाल्या, उजव्या बाजूच्या लीड घे, म्हणजे छातीचे बल्ब उजवीकडे लावून पट्टी काढ. खालच्या भिंतीच्या झटक्यात हे बघावंच लागतं, कारण हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने ब्लडप्रेशर एकदम कोसळू शकतं. उजवीकडेही एसटी उचललेला होता. गोळी दिली नाही, सलाइन सुरू केलं. ठोके ३८ वर आले तेव्हा ते वाढवायला ॲट्रोपीनचं इंजेक्शन गेलं. तोवर अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅबची टीम आली. हृदयाची उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली. ती उघडून स्टेंट बसवला. दाखल झाल्यापासून नव्वद मिनिटांत हे व्हावं, असा दंडक आहे. काकूंचं घड्याळ कुठून लावायचं, हा प्रश्नच होता. कागदोपत्री त्या वेळेत बसल्या. माझ्या हिशेबात त्या २:०८ ला दारातून आल्या होत्या.

बायका, वयस्कर माणसं आणि बरीच वर्षं डायबेटिस असलेले लोक यांचं पुष्कळदा असं होतं. डायबेटिसने मज्जातंतूच बोथट झाले की कळ वर पोचत नाही. पोचतो तो घाम, मळमळ, दम, जबडा, खांदा. झटका नसतो तिथेही बोलणं ऐकावं लागतं. पट्टीसाठी उताणं झोपा म्हटलं की "दोन उश्या द्या, नाहीतर दम लागतो" म्हणणाऱ्याच्या पायांकडे मी बघते. बोट दाबलं की खड्डा राहतो, म्हणजे हृदय नीट पंप करत नसेल. "पाखरू फडफडतंय" म्हणणाऱ्याचे ठोके कागदावर कुठल्याही ठेक्याशिवाय पडलेले दिसले की डॉक्टर मेंदूच्या झटक्याबद्दल बोलू लागतात, कारण अशा फडफडीत आत गुठळी धरते. आणि चढ चढताना चक्कर येऊन पडलेल्याला "ऊन लागलं असेल" म्हणून परत पाठवलेलं मला अजिबात आवडत नाही. झडप अरुंद असू शकते.

ती चुकीच्या नावाची पट्टी फाईलमध्येच आहे. छापलेलं नाव एका रेघेने खोडून वर काकूंचं लिहिलंय, खाली वेळ आणि माझी सही.

सहा वाजता आयसीयूत त्यांची पुढची पट्टी काढायला गेले. काका बाहेर बाकावर होते. दुसरं ट्रोपोनिनही नॉर्मल आलं होतं, बोट मात्र अजून त्याच बरगडीवर. आत काकू जाग्या होत्या. मी चिमटे लावत असताना म्हणाल्या, "छातीत खरंच दुखत नव्हतं गं."

"माहितीय."

"दाढ थांबली बघ."

काकांनी दारातून डोकं आत घातलं. "मग दातांच्या डॉक्टरांना नको म्हणून कळवू?"

"काका, ते नका कळवू," मी म्हटलं. "ती किडलेलीही आहेच. फक्त त्यांना आधी स्टेंटचं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं सांगा."