विजापूरला जाताय? मग एक रात्र तिथेच काढा

सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर असं देवदर्शन करायचं आणि मधल्या अर्ध्या दिवसात विजापूर ‘उरकायचं’, हा आपल्याकडच्या लोकांचा ठरलेला बेत. त्यात होतं काय, तर गाडी अकराच्या सुमाराला गोल घुमटाशी पोचते, आत शाळांच्या चार सहली आधीच बोंबलत असतात, कुजबुज ऐकायला आलेल्या माणसाच्या कानठळ्या बसतात आणि इब्राहिम रोजा बघायला वेळच उरत नाही. ‘गोल घुमट ठीक आहे, पण गोंगाट फार’ म्हणणारी मंडळी बहुतेक याच वेळची पाहुणी. विजापूरला दुपारी पोचावं, रात्री राहावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघावं. एवढ्यात शहर नीट बघून होतं.

सोलापूरहून अंतर साधारण शंभर किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ५२ ने दोन तास. कर्नाटकच्या एसटी दिवसभर असतात, रेल्वेही आहे आणि स्टेशन गोल घुमटापासून जवळच आहे. सकाळी चालत घुमटाशी जायचं असेल तर खोली स्टेशन रोडच्या बाजूला घ्यावी. एक काळजी मात्र तिकीट काढतानाच घ्या. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुर आहे. पण बंगळूरजवळही एक विजयपुर आहे आणि गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात विजापूर आहे. बसच्या अ‍ॅपवर नुसतं नाव टाकून पहिला पर्याय दाबला, तर भलत्याच गावचं आरक्षण होऊन बसतं. जिल्हा बघून मगच पैसे भरा.

शहर पूर्व-पश्चिम पसरलंय. पूर्वेच्या टोकाला तटाच्या आत गोल घुमट, पश्चिमेला तटाबाहेर इब्राहिम रोजा आणि मधोमध जुना बालेकिल्ला. म्हणून पहिल्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडचं सगळं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडचं, अशी सरळ विभागणी करावी. रिक्षावाल्याशी बोलताना ‘सगळं दाखवा’ म्हणू नका. ताज बावडी, इब्राहिम रोजा, मुलुखमैदान, उपली बुरूज, बारा कमान अशी नावं घ्या, प्रत्येक ठिकाणी थांबायचा वेळ सांगा आणि मगच भाडं ठरवा. नाहीतर ‘सगळं’ म्हणजे तीन ठिकाणं आणि एक साडीचं दुकान.

ताज बावडी वाटेतच आहे. १६२० ची ही विहीर इब्राहिम आदिलशहा दुसरा याची राणी ताज सुलताना हिच्या नावाने बांधलेली. नावाला विहीर, प्रत्यक्षात कमानीआडचा मोठा चौकोनी तलाव. दहा मिनिटं पुरतात.

इब्राहिम रोजाला चार-साडेचारला पोचा. वेळेला कारण आहे. एकाच उंच जोत्यावर दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत: पश्चिमेला मशीद, पूर्वेला मकबरा. मकबऱ्याची मशिदीकडची बाजू पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलली की ऊन तिरपं होऊन थेट भिंतीवर येतं आणि कोरीव अक्षरं उठून दिसतात. सकाळी तीच भिंत सावलीत असते. सोळाशे सत्तावीसच्या आसपास पूर्ण झालेलं हे काम मलिक संदल या वास्तुविशारदाचं. खरं तर राणीसाठी सुरू केलेलं, पण इब्राहिमच आधी गेला आणि त्यालाही इथेच ठेवलं.

बघायचं ते जवळ जाऊन. खिडक्यांना साधी जाळी नाही. अरबी अक्षरं तेवढी दगडात ठेवून मधली जागा कोरून काढलीय, म्हणजे अक्षरांतूनच उजेड आत येतो. बाहेर उभं राहून अक्षरं काळी दिसतात की गोरी, हे बघण्यापेक्षा आत जाऊन उजेडाच्या दिशेने बघा. आत मान वर केली की दुसरं नवल: छत जवळपास सपाट आहे, दगडांचं, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. घुमट आहे तो त्याच्या वर, खालून दिसतच नाही. मशिदीच्या छज्जाखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्याही शोधा. कड्या एकमेकींत मोकळ्या अडकलेल्या असून जोड कुठेच नाही. ताजमहालाला स्फूर्ती इथून मिळाली असं गाइड हमखास सांगेल. ऐकून घ्या, पण त्या नादात साखळ्या बघायच्या राहायला नकोत. जोत्यावर चढताना चपला काढाव्या लागतात आणि दगड दुपारी चांगलाच तापतो, तेव्हा पिशवीत जाड पायमोजे असू द्या.

तिथून परत तटाकडे. शेर्जा बुरुजावरची मुलुखमैदान तोफ. फड गाजवणाऱ्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो, ती ही. तिचं मराठी मुलखाशी नातं शब्दापुरतं नाही. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली, मोहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाऱ्याने. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा तोच हा मुरार जगदेव. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन पंचावन्न टन सांगतात. धातू घंटेचा, म्हणजे तांबं आणि कथलाचा, त्यामुळे लोखंडी तोफेसारखी गंजून खडबडीत झालेली नाही, अंग अजून गुळगुळीत आहे. बरेच जण बाजूने फोटो काढून निघतात. समोरून तोंड बघा: सिंहाचा जबडा आहे आणि त्याच्या दातांत छोटा हत्ती चिरडला जातोय. १८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ भंगारात लिलावाला काढली होती, बोली लागली दीडशे रुपये. पुढे लिलाव रद्द झाला म्हणून ती आज तिथे आहे.

जवळच १५८४ चा उपली बुरूज. बाहेरून गोल फिरत जाणारा जिना, सत्तरेक पायऱ्या आणि कठडा नावापुरताच. लहान मुलं असतील तर हात सोडू नका. वरून मावळतीच्या उजेडात शहर दिसतं आणि पार पूर्वेला गोल घुमटाचा गोळा. उद्या कुठे जायचंय ते आजच कळतं.

बारा कमान वाटेवर शेवटची. अली आदिलशहा दुसऱ्याचा हा मकबरा. बापाच्या, म्हणजे मोहम्मद आदिलशहाच्या गोल घुमटाला मागे टाकायचं म्हणून आरंभला आणि १६७२ मध्ये त्याच्याबरोबरच थांबला. काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी आणि वर आभाळ. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं बसायला विजापुरात यापेक्षा बरी जागा नाही.

आता गोल घुमट. सकाळी सहाला उघडतो, सहालाच जा. तिकीट भारतीयांना पंचवीस रुपये, ऑनलाइन काढलं तर वीस. इब्राहिम रोजालाही तसंच. बाकी बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, त्यातल्या जिन्याने वर जायचं. पायऱ्या उंच, जिना अरुंद आणि अंधारा. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खालीच थांबावं. तिथूनही पुष्कळ काही कळतं.

खाली मधोमध, मोहम्मद आदिलशहाच्या कबरीच्या चौथऱ्याजवळ उभं राहून वर बघा. खोली चौकोनी आणि घुमट गोल, मग जोडलं कसं? भिंतींतून आठ कमानी निघून एकमेकींना छेदतात. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवावेत तसा आठ कोनांचा तारा होतो आणि त्याच्या आतल्या कडीवर घुमट बसतो. या छेदणाऱ्या कमानी आतल्या बाजूला झुकलेल्या आहेत. घुमट बाहेर रेटा देतो, कमानींचं वजन आत ओढतं आणि दोन्ही एकमेकांना तोलतात. म्हणूनच आतून ३७.९ मीटर व्यासाचा घुमट एकाही खांबाशिवाय उभा आहे. ‘जगातला दुसरा मोठा घुमट’ हे पालुपद ऐकू येईलच. आज ते खरं नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. हा घुमट बांधणारा याकूत दाबुली म्हणतात, म्हणजे आपल्या दाभोळचा.

वरच्या सज्जात दोन वेगळे खेळ आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात. पहिला कुजबुजीचा. दोघांनी बरोबर समोरासमोर बसायचं, तोंड भिंतीकडे करून अगदी हळू बोलायचं. ऐकणाऱ्याने कान भिंतीशी न्यायचा. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो, म्हणून पलीकडे शेजारी बसल्यासारखा पोचतो. मधल्या पोकळीकडे तोंड करून बोललात तर तो विखुरतो आणि काहीच कळत नाही. दुसरा प्रतिध्वनीचा. एकच टाळी वाजवा आणि चार-पाच सेकंद गप्प राहा. आवाजाला समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला पाव सेकंदाहूनही थोडा कमी वेळ लागतो, त्यामुळे आवर्तनं भराभर येतात. सात ते दहा मोजता येतात. मधेच कुणी दुसरी टाळी वाजवली की पहिलीची सात आणि दुसरीची सात एकमेकांवर चढतात आणि नुसता गलका उरतो. डिसेंबर-जानेवारी हे सहलींचे महिने, तेव्हा नऊनंतर वर जाण्यात अर्थ नाही.

खाली उतरून चहा घ्या आणि जामा मशिदीकडे वळा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने सुरू केलेली ही मशीद. जमिनीवर एकेका माणसाच्या नमाजापुरते चौकोन आखलेले आहेत, ते औरंगजेबाच्या काळातले. मशीद वापरात आहे. डोकं आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नये. तिथून बालेकिल्ल्याकडे जाताना मेहतर महालच्या सज्जाला आधार देणारे दगडी टेकू बघायला पाच मिनिटं थांबा. लाकूडकामासारखं दगडकाम आहे.

गोल घुमटासमोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, दहाला उघडतं आणि शुक्रवारी बंद असतं. जुने गालिचे आणि चिनी मातीची भांडी बघण्यासारखी आहेत. शुक्रवार टाळण्याचं हे दुसरं कारण.

जेवायला हॉटेलापेक्षा खानावळ शोधा. कडक ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, झुणका, शेंगा चटणी आणि दही. कडक भाकरी पापडासारखी मोडते, ती भाजीच्या रश्शात बुडवून घ्यायची. मऊ हवी असेल तर आधी सांगायचं. बऱ्याच ठिकाणी मराठी समजतं. शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घ्या, दोन्ही प्रवासात टिकतात. फक्त भाकऱ्यांची पिशवी सामानाच्या तळाशी ठेवू नका, सोलापूर येईपर्यंत चुरा होतो.